आधी सहायकाने बोलायचं

भुसावळला सुट्टीवर गेलो की कोणी ना कोणी हमखास विचारतं, "दुबईत ट्रेन चालवता म्हणजे ती मेट्रो का?" मी सांगतो की एक तर मी दुबईत नाही, अबुधाबीत असतो, आणि दुसरं म्हणजे त्या मेट्रोला ड्रायव्हरच नसतो. त्यावर समोरचा माणूस असा काही बघतो, की मी इतकी वर्षं तिकडे नेमकं काय करतो याचाच त्याला संशय यावा.

मी मालगाडी चालवत होतो. उत्तरेकडे रास अल खैमाच्या बाजूला डोंगर आहेत, तिथली खडी भरायची आणि वाळवंटातून खाली आणायची. गाडीची लांबी किलोमीटरभर. एवढं लटांबर ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. दीड-दोन किलोमीटर आधीच विचार करावा लागतो. लोकांना वाटतं, आमचं काम गाडी पळवण्याचं. पळवायला इंजिन समर्थ आहे. ती वेळेवर थांबवायची, याचा आम्हाला पगार मिळतो.

त्याआधी बावीस वर्षं मी तिकडे आपल्या देशात मालगाड्यांवर काढली. बायको सुनंदा हीसुद्धा ड्रायव्हरचीच मुलगी. त्यामुळे आमच्या संसाराचे काही नियम लग्नाआधीच ठरलेले होते. बाबा झोपलेत म्हटलं की घरात भांडं वाजायचं नाही. माणूस ड्युटीवर निघाला की कधी परत येणार हे विचारायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, ड्युटीवर जाणाऱ्या माणसाशी भांडायचं नाही. भांडण राहिलंच असेल तर ते डब्यासारखं झाकून ठेवायचं आणि तो परत आला की उघडायचं. सुनंदा हा नियम कसोशीनं पाळते. उघडताना एकही भांडण शिळं झालेलं नसतं, हा तिचा हातगुण.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तिकडे इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि सहायक. समोर सिग्नल दिसला की तो मोठ्यानं, हात लांब करून बोलायचा. आधी सहायकानं बोलायचं, "हिरवा." मग ड्रायव्हरनं स्वतः बघून तेच परत बोलायचं, "हिरवा." बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. दोन मोठी माणसं, दिवसभर बोटं दाखवत रंग ओळखतायत. पण डोळा एकटा असला की फसतो. म्हणून दुसरा डोळा, आणि दोघांच्या मध्ये आवाज.

माझे बऱ्याच दिवसांचे सहायक म्हणजे वामनदादा. शेडमध्ये फिटरच्या हाताखाली लागून खालून वर आलेला माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. इंजिनाचा आवाज ऐकून कुठली मोटर कुरकुरतेय ते सांगायचे. तरी मी ड्रायव्हर म्हणून मला "साहेब" म्हणायचे. मी त्यांना दादा म्हणायचो आणि ते मला साहेब. दोघांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका सकाळी आम्ही भरलेली गाडी घेऊन एका लहान स्टेशनाकडे येत होतो. तिथला बाहेरचा सिग्नल आम्हाला रोज हिरवाच मिळायचा. वळण घेतल्याबरोबर मी हात लांब केला आणि म्हणालो, "हिरवा." वामनदादा म्हणाले, "हिरवा." त्यांनी आधी बोलायचं, मग मी, हा क्रम आमचा केव्हाच बिघडला होता. माझी घाई, दुसरं काय. पुढचं वळण संपलं आणि समोर लाल.

मी सगळे ब्रेक लावले. चाकांचा जो आवाज झाला तो लिहिता येत नाही. गाडी थांबली तेव्हा सिग्नलचा खांब खिडकीतून बघायला मान वर करावी लागत होती. वामनदादा खाली उतरले, इंजिनापुढे गेले, परत वर आले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, "बारा फूट असेल."

"बारा फूट असेल, साहेब," ते म्हणाले.

सिग्नलच्या अलीकडे थांबलो होतो, त्यामुळे कागदावर काहीच घडलं नव्हतं. ड्युटी संपल्यावर नळावर हात धुताना वामनदादा हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, मला पिवळा दिसला होता. पण तुम्ही आधीच हिरवा म्हणालात."

पिवळा म्हणजे पुढचा लाल. मी त्यांच्यावर भडकलो. मग बोलला का नाहीत, आपण दोघं मेलो असतो, असं काय काय बोललो. ते ऐकत राहिले. खरं म्हणजे कार्यालयात जाऊन मी सांगायला हवं होतं की चूक माझी, मी न बघता बोललो. पण मी गेलो नाही. वामनदादा निवृत्त झाले, मी नोकरी सोडून इकडे आलो, आणि ही गोष्ट गप्पांच्या बैठकीत "बारा फुटांवर थांबवली" म्हणून सांगायला लागलो. तीही जरा फुशारकीनं.

इकडे आल्यावर पहिला धक्का बसला तो कॅबमध्ये, म्हणजे इंजिनातल्या ड्रायव्हरच्या खोलीत. सहायकच नाही! माणूस एकटा. रुळांच्या कडेला सिग्नलचे खांबही नाहीत. पुढचा रस्ता मोकळा आहे का, किती वेगानं जायचं, सगळं समोरच्या पडद्यावर येतं. पायाखाली एक पेडल असतं. ठरावीक वेळानं ते दाबलं नाही तर गाडी आधी ओरडते आणि मग स्वतःच थांबते. आमचा इन्स्ट्रक्टर डेव्हिड, दक्षिण आफ्रिकेचा आडदांड माणूस, माझ्या शेजारी बसून पहिल्या दिवशी म्हणाला, "हू आर यू टॉकिंग टू?"

मी हात लांब करून पडद्यावरचा आकडा वाचत होतो. "सवय आहे," म्हटलं. "हॅबिट."

"माय फ्रेंड, धिस पेडल इज युवर असिस्टंट नाऊ."

मी मान डोलावली. पण मनाला काही पटलं नाही. मी जिवंत आहे का एवढंच ते पेडल विचारतं. मी बरोबर आहे का, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून मी बोलतच राहिलो. सिग्नल नाहीत तर नाहीत. पूल आला की पूल, फाटक आलं की फाटक. "डावीकडे उंट, कुंपणापलीकडे." कॅबमधलं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याची त्या काळात चांगलीच करमणूक झाली असणार.

वाळूचीही गंमत सांगतो. तिकडे इंजिनात कोरडी वाळू भरून नेतात. रूळ ओला असला आणि चाक घसरायला लागलं की चाकाखाली वाळू सोडायची, पकड येते. चांगली वाळू मिळावी म्हणून मी शेडमध्ये भांडलेलो आहे. इकडे वाळूच वाळू, आणि ती रुळावर येऊ नये म्हणून माणसं आणि यंत्रं बारा महिने राबतात. एकदा दुपारी वारा सुटला होता. पडद्यावर सगळं मोकळं. मी आपला नेहमीप्रमाणे समोर बोट करून बोललो, "रूळ," आणि बोललेलं माझ्याच कानांना खोटं वाटलं. दूर एका टेकडी खोदून काढलेल्या भागात रूळ दिसतच नव्हते. ब्रेक लावला.

कंट्रोलमधून पेशावरचा एक गृहस्थ वैतागून विचारू लागला, "भाईसाहब, स्क्रीन क्लियर है, आप रुके क्यूँ?"

"जनाब, स्क्रीन क्लियर है. पटरी नहीं है."

माणसं येऊन बघेपर्यंत दोन तास गेले. वाळू पुरुषभर उंचीची निघाली. तेव्हापासून माझ्या बडबडीला कोणी हसलं नाही. मॅनेजर राशिद इथलाच, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तो मला उस्ताद म्हणू लागला. मला ते आवडलं हे कबूल करतो.

आमचं घर मोहम्मद बिन झायद सिटीत. मुलगी केतकी तिथेच वाढली. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते, आणि आईशी भांडताना दोन्ही भाषा वापरते. सुनंदाचा भाऊ रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जेवायला जायचं हे ठरलेलं. गाडीत सुनंदा पुढे बसायची आणि लहानपणी तिला तिच्या वडिलांनी शिकवलेला खेळ आम्ही खेळायचो. मी म्हणायचो, "हिरवा." ती म्हणायची, "हिरवा." केतकी मागे बसून कानात इअरफोन घालायची. क्रम उलटा होता हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. सुनंदाच्या आलं होतं का, तिला मी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये असेच परत येत होतो. केतकी बारावीला, परीक्षा चार महिन्यांवर. संध्याकाळचं ऊन समोरून येत होतं. उम्म अल कुवैनला कराक चहा प्यायला म्हणून मोठा रस्ता सोडून आत वळलो. पुढे चौक होता. मी म्हणालो, "हिरवा." सुनंदा जरा थांबली. मग म्हणाली, "हिरवा."

"बाबा, स्टॉप! इट्स रेड!"

मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा. गाडी पुढची दोन चाकं रेषेच्या पलीकडे टाकून थांबली आणि नाकासमोरून पाण्याचा टँकर भोंगा वाजवत गेला. टँकरवरचं अक्षरन् अक्षर मला धूसर दिसलं. तेवढ्या जवळूनसुद्धा.

चहाच्या दुकानासमोर गाडी लावली. तीन कराक आले आणि कपांवर साय धरली तरी कोणी हात लावला नाही. केतकीच बोलली. "आई, इट वॉज येलो फ्रॉम सो फार. यू सॉ इट. व्हाय डिड यू से ग्रीन?"

सुनंदा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मला पिवळा दिसला होता. पण तुम्ही आधीच हिरवा म्हणालात."

शब्दाला शब्द तोच. तिनं वामनदादांना कधी पाहिलं नाही, आणि त्या नळावरचं बोलणं मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी फोन लांब धरून वाचतो, फाट्यांवरच्या पाट्या केतकीला वाचायला सांगतो, चहात साखरेऐवजी मीठ घातलं ते विनोद म्हणून खपवलं, हे सुनंदा दोन महिने बघत होती. आणि मी? समोर जे आहे ते मी बघत नव्हतो. रोज जे असतं ते आठवून बोलत होतो. कॅबमध्येसुद्धा. माझी डोळ्यांची नेहमीची तपासणी एप्रिलमध्ये होती.

"मार्चपर्यंत थांबा," घरी आल्यावर मी ऑफिसात सांगून टाकतो म्हटलं तशी सुनंदा म्हणाली. "पोरीची परीक्षा होऊ दे. नोकरी गेली तर व्हिसा जाईल. तिनं काय चार महिन्यांसाठी शाळा बदलायची? आणि तिथं तर स्क्रीन असते ना? बाहेर बघायचं कुठे असतं तुम्हाला?"

"आणि वाळू?"

"वाळू रोज नसते."

"रुळावर नारंगी जाकिटं घालून माणसं काम करतात, सुनंदा. ती रोज असतात."

मला सकाळी सहाची ड्युटी होती. भांडण झाकून ठेवायची वेळ झालेली होती, आणि सुनंदा तशी उठून डब्याची तयारी करायलाही लागली. कणीक हातात घेतली आणि तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ड्युटीवर जाणाऱ्याशी भांडायचं नाही म्हणून मी गप्प बसते. तुम्ही ड्युटीवर जाणार आहात का? तेवढं सांगा, म्हणजे मला भांडता येईल."

"नाही जाणार," मी म्हणालो.

मग ती भांडली. चांगली तासभर भांडली, रडली, माझ्या हेकटपणाचा सगळा इतिहास तिनं लग्नापासून वाचून काढला. मी ऐकत होतो. एवढ्यानं मी बदलणार नव्हतो आणि तिलाही ते कळत होतं. नळावर मी एकदा कच खाल्ली होती. पुन्हा खायची नव्हती.

सकाळी डबा न घेता ऑफिसला गेलो. ड्रायव्हिंगचं कार्ड राशिदच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की मला नीट दिसत नाही, काल मी लाल दिव्याला हिरवा म्हणालो. आणि बहुतेक दोन महिने मी असाच चालवतोय.

तो कार्डाकडे बघत राहिला. "उस्ताद, तपासणी एप्रिलमध्ये आहे. कोणी तक्रार केली का?"

"माझ्या मुलीने."

तो हसला नाही. "मला हे वर कळवावं लागेल. पुढचं माझ्या हातात नाही."

"म्हणूनच तुझ्याकडे आलो."

"इन्शाल्ला," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या दोन महिन्यांच्या सगळ्या फेऱ्यांचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात काय निघेल या विचारानं पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. एका ठिकाणी पडद्यावरचा वेगाचा आकडा मी चुकीचा वाचलेला सापडला. गाडीनं स्वतःच वेग आवरून सांभाळून घेतलं होतं. ते ऐकून मला सुटल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. व्हिसा राहिला, कारण चौकशी चालू होती आणि ती संपेपर्यंत मला काढता येत नव्हतं. केतकीची परीक्षा झाली. चांगले मार्क मिळाले. "नो थँक्स टु यू, बाबा," असं म्हणून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. त्याच आठवड्यात निकाल माझाही लागला. डोळे वाचण्यापुरते ठीक, पण समोरून प्रकाश आला की चकाकी येते. मेन लाइनवर पुन्हा चालवता येणार नाही.

वाईट वाटलं. खूप वाटलं. डोंगरातून बाहेर पडल्यावर सकाळी वाळू अर्धा तास गुलाबी दिसते. ते आता फक्त आठवायचं, आणि आठवण्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे तर मी शिकलोच होतो. घरी बसून मी काय करणार, असा प्रश्न सुनंदाला पडायच्या आत राशिदचा फोन आला. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला कोणी हवं होतं.

आता मी सिम्युलेटरवर असतो. बंद खोलीत खरीखुरी कॅब, समोर काचेऐवजी मोठे पडदे, त्यावर वाळवंट. गाडी पडली तरी कोणी मरत नाही, फक्त मी ओरडतो. पोरं सगळ्या देशांची आणि इथल्या मुलीसुद्धा. मी त्यांना बोलून चालवायला शिकवतो. डेव्हिड बाहेर उभा राहून डोळे मिचकावतो, पण अडवत नाही.

प्रत्येक बॅचची एक परीक्षा मी कागदावर नसलेली घेतो. मी शेजारी बसतो, चार-पाच वेळा पडद्यावरचा आकडा बरोबर बोलतो, त्यांना परत बोलायला लावतो. मग एकदा पडद्यावर साठ असताना ठामपणे म्हणतो, "ऐंशी."

पहिल्या बॅचमधले सगळे म्हणाले, "ऐंशी, सर." दुसऱ्या बॅचमधलेही. एक बंगलोरचा हुशार मुलगा जरासा अडखळला आणि मग म्हणालाच, "एटी, सर." मी सिम्युलेटर बंद केला आणि त्यांना वामनदादांची गोष्ट सांगितली, बारा फुटांची, नळावरच्या बोलण्यासकट. पुन्हा घेतली परीक्षा. पुन्हा म्हणाले. पांढरे केस आणि उस्ताद ही पदवी, यांच्यापुढे गोष्टीचा काय पाड?

तिसऱ्या बॅचला मरियम होती. इथल्याच फुजैराची, बोलायला हळू, तिला मी अजून एकही गोष्ट सांगितलेली नव्हती. मी म्हणालो, "ऐंशी."

पायाखालचं पेडल वाजायला लागलं, ते तिनं दाबलं.

"ऐंशी," मी पुन्हा म्हणालो, जरा चढ्या आवाजात.

"ला, उस्ताद," ती म्हणाली. ला म्हणजे नाही. तिचा हात ब्रेकवर गेला होता. "यू आर राँग. इट इज सिक्स्टी."

मी म्हणालो, "साठ." आणि कॅबमधून बाहेर आलो, कारण नव्या डोळ्यांना पाणी आलेलं पोरांनी बघू नये असं मला वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन वामनदादांना फोन लावला. दिवाळीला लावतो तसा, पण दिवाळी नव्हती, म्हणून ते घाबरलेच. "सगळं ठीक ना, साहेब?" मी म्हटलं ठीक आहे. मग त्यांना सगळं सांगितलं. चौक, टँकर, डोळे, मरियम. आणि जे नळावर त्या दिवशी म्हणायचं होतं तेही म्हणालो: दादा, चूक माझी होती. मी आधी बोललो आणि न बघता बोललो. तुमच्यावर ओरडलो ते चुकलं, आणि कार्यालयात गेलो नाही ते त्याहून चुकलं.

पलीकडे टीव्ही चालू होता. मग तो कोणीतरी बंद केला.

"जाऊ द्या, साहेब. झालं ते झालं."

"थांबली ना शेवटी," मी म्हणालो. "बारा फूट अलीकडे."

"नाही," वामनदादा म्हणाले.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"मी खाली उतरून मोजलं होतं. बारा फूट नव्हतं. दोन पावलं होती."

"दोन पावलं," मी म्हणालो.